हरकतीचं पत्र

भोरला कचेरीसमोर नूतनचं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे अर्जही तीच लिहून देते. आठवडाभर ‘महोदय’ आणि ‘नम्र विनंती’ लिहून आत जी वाफ कोंडते, ती रविवारी माहेरी पासलीला जाऊन ती रॅपमध्ये सोडते.

पहिलं गाणं रेशनवर होतं. ते चार दिवसांत मोबाईलवरून नाहीसं झालं. दुसरं दोन दिवसांत. तिसऱ्याला हवालदार घरी येऊन चहा पिऊन गेले. पोरीचा आवाज गोड आहे, भजन म्हणायला सांगा, असं तिच्या वडलांना, कोंडिबांना, सुचवून गेले. कोंडिबांना ते पटलं. पोरीला पटवायचं तेवढं राहिलं.

चौथं गाणं पासलीच्या साकवावर. ओढ्यावरचा हा छोटा पूल तीनदा मंजूर झाला, तीनदा नारळ फुटला, आणि पोरं अजून दप्तर डोक्यावर घेऊन ओढ्यात उतरतात. नारळ फोडणारे जत्रेत पुढच्या खुर्च्यांवर असताना हे गाणं त्यांच्या कानावर घालायचं, एवढीच नूतनची इच्छा. पण यंदा नवा नियम निघाला होता. गाण्याचे शब्द आधी दाखवून परवानगी घ्या, नाहीतर स्पीकर जप्त.

नूतनने तीन प्रतींत अर्ज केला आणि पोच घेतली. कारकून आनंदराव म्हणाले, हे गाणं नियमात बसत नाही. कुठं बसत नाही ते लेखी द्या, असं ती म्हणाली.

तीस वर्षांत आनंदरावांच्या हातून मोघम कागद बाहेर गेला नव्हता. ‘काही ओळी आक्षेपार्ह’ एवढंच लिहिणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी एकेक आक्षेपार्ह ओळ क्रमांक घालून उतरवली, साहेबांची सही घेतली आणि गोल शिक्का मारला.

जत्रेत नूतन ते पत्र घेऊन माईकपाशी गेली. हवालदार लगेच पुढं आले.

“गाणं हाय का हे?”

“न्हाई. कचेरीचं पत्र हाय. गावाला वाचून दावते.”

शिक्का बघून हवालदार बाजूला झाले. नूतनने सुरुवात केली. पाठीमागं ढोलवाल्यांनी ठेका धरला.

“उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की,
खालील ओळी आक्षेपार्ह आढळून येतात की.
एक! नारळ फुटले तीन, फोटो निघाले चार,
दोन! साकव ऱ्हायला फाईलीत, सांगा वढा कसा पार?”

“तालात का वाचतीयास?” हवालदारांनी खालून विचारलं.

“सवय हाय, काका.”

पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी शिक्क्याचा मान राखून बसून राहिली. अकराच्या अकरा ओळी झाल्या, मग साहेबांची सही, हुद्दा, ‘प्रत माहितीस्तव’. लोकांनी पत्र पुन्हा वाचायला लावलं.

कोंडिबा मात्र घुश्शात घरी आले. गाण्यात एक कडवं त्यांच्यावर होतं. त्यांच्या भाताचं, बैलांचं कौतुक होतं. पण त्याला कुणाची हरकतच नव्हती, त्यामुळे ते म्हणता आलं नाही.