अप्पांचा चेहरा

लग्न होऊन मी नौबादला आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. माझे यजमान शाळेत मास्तर होते. सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, मन्नाएखेळ्ळीत कापडाचं दुकान होतं. हात थरथरायला लागला, कात्री सरळ चालेना, तेव्हा दुकान थोरल्या दिरांवर सोपवून ते आमच्याकडे राहायला आले.

त्या थरथरीला कन्नड बोलणारी शेजारीण नडुक म्हणायची, हकीमसाहेब राशा म्हणायचे, वैद्य कंपवात. पण थरथरीचं मला एवढं काही वाटत नव्हतं. जड जायचं ते अंग ताठणं. सदऱ्याच्या बाहीत घालायला हात वाकायचाच नाही. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबायचे. यजमानांना शाळेची घाई. ते वैतागून म्हणत, "अप्पा, मुद्दाम करायलाव का?" आम्ही लिंगायत; पूजेच्या वेळी तळहातावर घेतलेलं इष्टलिंग पडेल म्हणून मी खाली माझा हात धरून बसे. तोवर तव्यावरची भाकरी करपायची.

आणि त्यांचा तो चेहरा. काहीही वाढलं तरी हसणं नाही, बोलणं नाही, नुसती एकटक नजर. मला वाटे, ही सून यांना पसंत नाही. वर्षभर तेच मनात घेऊन मी राबले.

शेवटी बीदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादहून नवीन आलेले. त्यांनी अप्पांचा हात कोपरातून हळूहळू वाकवला आणि मलाही धरून बघायला सांगितलं. हात दात्यांच्या चाकासारखा अडत अडत वाकत होता. "थरथर म्हणजे ट्रेमर," ते उर्दूत समजावू लागले, "आणि हा ताठपणा म्हणजे रिजिडिटी. तो चेहऱ्यातही असतो. मनात हसू आलं तरी तोंडावर दिसत नाही." औषधानं थोडा उतार पडेल, बरं होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

परतताना यजमान टांगेवाल्याशेजारी बसले होते. मागे अप्पांशेजारी बसून मी धीर करून विचारलं, "अप्पा, माझ्यावर राग हाय का तुमचा?"

अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "राग कामून येईल, बाई? आता बी हसायलोय की मी."

चेहरा तसाच होता. मी पदर डोळ्यांना लावला.

काम मात्र त्यानं कमी झालं नाही. औषधानं तोंडाला कोरड पडे, बाही तशीच अडे. यजमान आता ओरडत नसत. उंबऱ्यात काठी आडवी धरत, ती ओलांडायची म्हणून अप्पा पाय उचलत. अशी आणखी तीन वर्षं गेली. शेवटी शेवटी गिळताही येईना. पेज भरवताना ठसका लागायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागायचं.

ते गेले तेव्हा घरभर माणसं रडत होती. मला रडू आलं नाही. आतल्या खोलीत भिंतीला टेकले आणि बसल्या जागी झोप लागली. कोणी उठवलं नाही.