काळी फिरकी

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. असोद्याला आमची केळी आणि कपाशी, वडिलांच्या गळ्यात माळ, आणि मासे विकणारी बाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की टोपली झाकून पुढे जायची. अशा घरातून मी मॅट्रिक होऊन भडगावला पाटाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. काम कोणतं, तर कोणत्या शेताला किती पाणी गेलं ते लिहायचं. आणि माझे दोन वर्षांचे रविवार गेले गिरणेच्या काठी, मासे पकडण्याच्या खटाटोपात. हे कसं झालं ते मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, आणि आज म्हातारपणी लिहितानाही कळतंय असं नाही.

आमचा साहेब इंग्रज. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. माणूस कामाला चोख, पण रविवार उजाडला की त्याला नदी दिसायची. त्याच्याबरोबर भोयांच्या वस्तीतले आबा असायचे. मासा कुठे बसतो, कधी हलतो, हे आबांना विचारावं. बंगल्यावरच्या त्या चाकरीवर त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, जेवण चालायचं, कारण जाळं ओढण्याइतका जोर आता खांद्यात उरला नव्हता. आबा बोलायचे खानदेशी, आणि साहेबाचं मराठी परीक्षेच्या पुस्तकातलं. दोघांच्या मध्ये कोणीतरी हवं म्हणून मला उभं केलं. मला नाही म्हणायची सोय नव्हती. माझी जागा हंगामी होती, आणि ती पक्की करायची शिफारस साहेबाच्या हातात होती.

साहेब गळाला गांडूळ लावत नसे. त्याच्याकडे एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात सतरा फिरक्या. फिरकी म्हणजे तारेवर बसवलेलं एक धातूचं पातं. दोरी ओढली की ते पाण्यात गरगर फिरायचं. खाली गळ, आणि गळ झाकायला लाल नाहीतर पांढऱ्या लोकरीचा झुबका. माशाला वाटावं की लहान मासा घाबरून पळतोय. यात खायचं काहीच नाही, तरी मासा धावून येतो म्हणे. मला पहिले सहा महिने हे खरंच वाटत नव्हतं. माशाला इतकीही अक्कल नसेल तर त्याला पकडण्यात मर्दुमकी कसली, असं मी मनात म्हणायचो. पण मग साहेब दिवसभर उभा राहून रिकाम्या हातानं परतायचा, तेव्हा अक्कल नक्की कोणाला नाही याबद्दल माझा गोंधळ व्हायचा.

खरी मेख होती फिरकी निवडण्यात. सतरातली कोणती? ते आबा सांगायचे. काठावर उकिडवे बसायचे, डबा मांडीवर घ्यायचे, बोटांनी एकेक पातं चाचपायचे आणि एक उचलून साहेबाला द्यायचे. साहेब ती मुकाट्यानं दोरीला बांधायचा. कधी मोठं गोल पातं, कधी बोटाएवढं लांबट. मला त्यात ओ की ठो कळत नव्हतं.

आणि दर वेळी, डब्याला हात लावायच्या आधी, आबा मला हळूच विचारायचे, "भाऊ, पानी कसं शे आज?"

मला वाटायचं, म्हातारा माझी परीक्षा घेतोय. शाळा शिकलेल्या पोराची फिरकी घेतात तशी. एकदोनदा मी बरं आहे म्हणून सांगितलं. एकदा म्हणालो, स्वच्छ आहे, आणि त्यांनी दिलेल्या फिरकीला दिवसभर एक मासा शिवला नाही. शेवटी एका रविवारी उन्हात माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, पाणी ओलं आहे, आबा, तुमच्या समोरच आहे, तुम्हांला दिसत नाही का?

 आबा नुसते पाण्याकडे तोंड करून बसले. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर साय धरली होती. ते काठाकाठानं इतके सराईत चालायचे, दगड न् दगड पायाला पाठ होता, की साहेबालाच काय, मलाही कधी शंका आली नव्हती. माझी मलाच इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी जेवलो नाही.

पुढे आमचं न बोलता ठरलं. पाणी मी पाहायचं, फिरकी त्यांनी निवडायची, आणि साहेबाला कळू द्यायचं नाही. आंधळ्या माणसाला कोण चाकरीवर ठेवणार? आबांनी मला पाणी सांगायला शिकवलं. नुसतं गढूळ म्हणून भागत नाही. चहासारखं, की ताकाच्या निवळीसारखं? हिरवट असेल तर शेवाळ्याचं हिरवं, की खोलीचं? वर ऊन आहे की आभाळ? आपला हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसतात का? मी शर्टाची बाही वर करून पाण्यात हात घालायचो आणि बोटं दिसतात का बघायचो. कचेरीतला कोणी पाहील तर काय म्हणेल, या विचारानं मला घाम फुटायचा.

हळूहळू थोडं उमगलं. पाणी मातकट असेल तर मोठं पातं आणि सावकाश ओढायचं, म्हणजे माशाला त्याची धडधड तरी जाणवते. पाणी निवळलं की लहान, आणि जरा चपळ. बुडालेल्या झाडाच्या खोडाशी मरळ दबून असते, तिथं फिरकी नेऊन क्षणभर थांबवायची, थोडी बुडू द्यायची, मग ओढायची. एकदा साहेबानं खुशीत येऊन गळाची काठी माझ्या हातात दिली. मी ती भिरकावली आणि दोरी माझ्याच टोपीभोवती गुंडाळली गेली. साहेब हसला, आबाही हसले, पण नेमकं कशाला ते आबांना कळावं म्हणून मी टोपी, टोपी असं मोठ्यानं ओरडत ती सोडवत बसलो.

कडेला खाच असलेली एक लांबट फिरकी होती. नितळ पाणी आणि वर कडक ऊन असलं की आबांची बोटं ती खाच शोधायची. मी समजलो, करामत त्या खाचेत आहे. पाण्यात खाचेचा काही वेगळा आवाज होत असेल. फिरकी काळीकुट्ट होती, पण तो मला जुनेपणा वाटला. डब्यातल्या आणखी पाचसहा अशाच कळकट होत्या. विचारायला हवं होतं. पण आबा विचारलं तेवढंच सांगायचे आणि मला काय विचारायचं तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नवरात्रात साहेब दौऱ्यावर गेला आणि जाताना डबा माझ्याकडे ठेवून गेला, गळांना गंज चढू नये म्हणून तेल लावायला. बायकोनं तो घरात घेऊ दिला नाही. ओसरीच्या खुंटीला टांगला. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं निघतात. विळे, कुऱ्हाड, अडकित्ता, वडिलांनी दिलेली कातर, माझा टाक आणि दौत. सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. बायको म्हणाली, तो डबाही काढा, हत्यार कोणाचंही असो, आजच्या दिवशी घरात बिनपुजलं राहत नाही. मला ते पटलं. उलट मला वाटलं, साहेब खूश होईल. मीच तिला म्हणालो, पाती काळी पडलीत, तेवढी चांगली घासून टाक. तिनं चिंच आणि राख घेतली आणि काथ्यानं अशी घासली की पाटावर देवघरातली उपकरणी मांडल्यासारखं दिसायला लागलं. दसऱ्याला मी डबा बंगल्यावर आबांच्या हवाली केला आणि सोनं देऊन त्यांच्या पाया पडलो.

रविवारी नदी नितळ होती. ऊन लखलखीत. मी आबांना सांगितलं, तळाचे दगड दिसताहेत. त्यांची बोटं डब्यात फिरली, खाच सापडली, आणि तिथं ती थांबली. अंगठा पात्यावरून एकदा गेला, परत गेला. मग त्यांनी बोटं नाकाशी नेली. मी समोरच उभा होतो आणि मला काही कळलं नाही. साहेबानं हात पुढे केला होता, म्हणून त्यांनी फिरकी देऊन टाकली.

पाण्यात ती अशी चमकली की माझेच डोळे दिपले. खडकाखालून एक मोठा महाशीर निघाला, अर्ध्या वाटेवर आला आणि झटक्यात वळून गेला. दुसरा आला, तोही वळला. तिसऱ्या खेपेला साहेबानं दोरी गुंडाळली आणि फिरकी हातात धरून पाहिली. मग डबा उघडून बाकीच्या पाहिल्या.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला म्हणाला, हा काळा रंग म्हणजे मळ नव्हता. या म्हाताऱ्यानं तेल लावून लावून, धुरावर धरून तो चढवला होता. नितळ पाण्यात चमक पाहून मासा बिचकतो, त्यासाठी. एक हंगाम गेला होता त्यात. हे कोणी केलं? ज्याला मळ आणि मेहनत यातला फरक कळत नाही, असा माणूस मला माझ्या हाताखाली नको.

 डबा माझ्याकडे होता, आणि आबांकडेही होता. साहेब आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. मी तोंड उघडायचं ठरवत होतो, हे मी शपथेवर सांगेन, पण उघडत नव्हतो. आबांनी मला विचारलं, साहेब काय म्हणतो. मी शब्दन् शब्द सांगितला.

आबा उठून उभे राहिले. "दसराले मीच घासं बठ्ठं," ते म्हणाले. "मन्हा डोयास्ले आते दिखत नही. कोनती फिरकी कसी, माले समजनं नही. सांगी द्या साहेबले, भाऊ."

दसऱ्याला सगळं त्यांनीच घासलं, हे इंग्रजीत सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं. एकही शब्द न गाळता, व्याकरण सांभाळून सांगितलं. साहेब आबांच्या जवळ गेला आणि त्यांच्या तोंडापुढे हात हलवून पाहिला. मग म्हणाला, त्यांना सांग, उद्यापासून यायची गरज नाही. तेही मी सांगितलं.

परतताना आबांनी माझा दंड धरला. दोन वर्षांत कधी धरला नव्हता. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं. मी शब्द जुळवत चाललो होतो, की आबा, ती आमच्या घरी घासली, मीच सांगितलं होतं, उद्या साहेबाला जाऊन सांगतो. वस्तीजवळ आलो तेव्हा तेच म्हणाले, "तुम्हनी जागा अजून पक्की नही ना, भाऊ."

म्हणजे बोटं हुंगली तेव्हाच त्यांना ठाऊक झालं होतं. मग त्यांनी असं का केलं? मी त्यांचा कोण? माझ्या हंगामी कारकुनीपेक्षा त्यांची भाकरी हलकी होती का? मी त्यांना विचारलं नाही. साहेबाकडे मी उद्या गेलो नाही, परवाही गेलो नाही. जागा पक्की झाली, आणि त्याच नोकरीत माझा जन्म गेला.

त्यांच्या दारात अक्का उभ्या होत्या. इतक्या लवकर कसे आलात, असं त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, साहेबानं आज लवकर सोडलं. अक्कांनी खात्री करायला माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान डोलावली.