काठावरचे चोवीस ठिपके

मंगळवार, १२ मार्च. सकाळी गार वारा. गच्चीवरची टाकी धुतली. भाऊजी चौकशीला जाताना चष्मा विसरले. मी तो पोचवायला गेले आणि तिथेच बसले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचे हे गेल्यापासून भाऊजी वरच्या खोलीत राहतात. लग्न केले नाही, कुणाशी भांडण नाही. अकरा वर्षे दप्तरखान्यातल्या जुन्या नोंदवह्यांच्या पानन्‌पानाचे फोटो काढत आले. वाळवीच्या आधी आपण पोचायचे, एवढीच महत्त्वाकांक्षा. दोन कपाटे उरली होती. निवृत्तीनंतरची मुदतवाढ त्यांच्यासाठीच होती. ती राहते की जाते, ते आज ठरणार होते.

गुन्हा असा: कॅमेऱ्यातली कच्ची फाइल भाऊजींच्या संगणकावर सहा हजार चोवीस ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंद दिसे, नव्या संचालकांच्या संगणकावर सहा हजार. चोवीस ठिपके कुणी खाल्ले हे शोधायला तिघांची समिती बसली. वाळवीसाठी आजवर एकही बसली नव्हती.

"साहेब, फाइल एकच आहे," भाऊजी म्हणाले. "कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने काढायचे. अगदी काठावरच्याला एका बाजूला शेजारीच नाही. तुमचा प्रोग्राम तो काठ सोडून देतो, माझा अंदाज बांधून दाखवतो."

"म्हणजे बरोबर आकडा कोणता?" संचालकांनी विचारले.

"दोन्ही."

"अहो, तक्त्यात रकाना एकच आहे!"

समितीतल्या बाईंनी विचारले, "पण त्या चोवीस ठिपक्यांत होतं काय?"

"काळं कापड."

आमच्या शाळेत शिवणाच्या सिस्टर कापड बेतताना शिलाईबाहेर बोटभर माया सोडायला लावत. भाऊजीही प्रत्येक पानाभोवती दोन बोटे काळे कापड दिसू देतात. काठ कुणी कुरतडला तरी अक्षराला धक्का नाही. हे सांगायला मी तोंड उघडले, तर संचालक म्हणाले, "आजी, तुम्ही चष्म्यापुरत्या."

मग पडद्याला पट्टी लावून समितीने पाऊण तास कापड मोजले. डावीकडे बारा, उजवीकडे बारा. हरवलेले कापड जमा करून घ्यावे, असेही एकाने सुचवले.

शेवटी संचालक मऊ झाले. "कशाला ताणता? 'माझ्या हातून काठ कापला गेला, पुन्हा होणार नाही', एवढं लिहून द्या. फाइल बंद, दोन कपाटं तुमची."

भाऊजींनी पेन घेतले. मला वाटले, सुटलो. त्यांनी लिहिले: 'काठ कापलेला नाही. सर्व अक्षरे जागेवर आहेत. मोजून घ्यावीत.'

"अहो भाऊजी," जिन्यात मी म्हटले, "एक ओळ तर होती!"

"वहिनी, ती ओळही दप्तरातच राहिली असती. पुढे कुणी वाचली, की माझ्या एकूण एक पानावर संशय."



साडेतीनला मुदतवाढ रद्द झाल्याचा फोन आला. कपाटांना कुलूप. समितीला मात्र मुदतवाढ मिळाली आहे. उंचीतही चोवीस ठिपके कमी भरले म्हणे.

संध्याकाळी दूधवाल्याला उद्यापासून अर्धा लिटर जास्त सांगितले. भाऊजी दुपारचा चहा आता घरीच घेतील.