शेवटी ठेवलेला भाऊ

ऐंशी सालाच्या सुमारास आसगावच्या विहारात भंतेजींनी आम्हाला मैत्रीभावना शिकवली. डोळे मिटून आधी स्वतःचं सुख चिंतायचं, मग आवडत्या माणसाचं, मग अनोळख्याचं, शेवटी वैऱ्याचं. माझा वैरी म्हणजे माझा मोठा भाऊ. त्यानं तलावाचं पाणी अडवून माझ्या बांधीतलं उभं धानाचं पीक वाळवलं होतं. रोज त्याची पाळी आली की मी डोळे उघडायचो. त्याले काहून द्यावं सुख? उद्या पाहू. अशी दोन वर्षं गेली आणि भाऊ तापानं वारला. आता देऊ का मैत्री, असं मी भंतेजींना विचारलं.

"मैत्री जित्या माणसाले देतात जी, मेलेल्याले नाही."

त्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून बसलो. ‘मी सुखी होवो’ एवढंही तोंडातून निघेना.