साबुदाण्याच्या निवळीचं क्रीम

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या सामानात हाताने फिरवायचं एक बीटर होतं. लाकडी मूठ, दातेरी चाक, खाली दोन पाती. आमच्या घरात त्याचा उपयोग कोणाला माहीत नव्हता. आबांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं, "सायकलीचं हाये का?"

वहिनीचं माहेर वरणगावचं. तिचे वडील कारखान्यात होते, घर कॉलनीत होतं. शेजारच्या क्वार्टरमध्ये कलकत्त्याकडच्या एक बाई राहायच्या. केक आणि त्यावरचं पांढरं क्रीम वहिनी त्यांच्याकडून शिकली. हे सगळं ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतलं. जळगावात तेव्हा बेकरीचे केक मिळत, पण त्यांवरचं क्रीम वनस्पती तुपाचं असे आणि टाळूला चिकटे. वहिनीचं तसं नव्हतं. ते हलकं आणि चकचकीत असे, जिभेवर ठेवलं की उरत नसे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातून आणलेलं बोंड उकललं की दिसतं तसं ते दिसे, म्हणून घरात त्याला कापूसच म्हणत.

घरात आम्ही पाच जण होतो. आबा म्हणजे माझे वडील, भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. यावलजवळच्या गावची केळीची शेती चुलत्यांकडे देऊन, आई गेल्यावर, आबा जळगावला आले होते. ते माळकरी होते. पंचवीस वर्षं गळ्यात यावलच्या महाराजांनी घातलेली तुळशीची माळ होती. कांदा-लसूण ते खात, पण मांस, मासे, अंडं यांपैकी काही घरात येत नसे. मी एका दैनिकात उपसंपादक होते. लग्न केलं नव्हतं. आबा रोज पेपर पहिल्या पानाच्या नावापासून शेवटच्या पानाच्या तळापर्यंत वाचत आणि त्यात जे छापलं असेल ते झालेलं असतं, असं धरून चालत. माझ्या बाबतीतही त्यांची तीच समजूत होती. बाहेरचा कोणताही पदार्थ समोर आला की ते वहिनीला किंवा भाऊला विचारत नसत, मला विचारत.

भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला वहिनीने केक केला. कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी काढून भाजलेला. डब्यातलं घट्ट दूध घातलेला, बिनअंड्याचा. तेवढं मला माहीत होतं. क्रीमचं माहीत नव्हतं, म्हणून मी विचारलं.

"साबुदाण्याची निवळ असते," वहिनी म्हणाली. "रात्री भिजवायचा, सकाळी पातळ शिजवायचा आणि गाळून घ्यायचा. साखरेबरोबर फेटला की फुगतो."

"नुसता फेटून?"

"या, उभ्या राहा इथं. बघा."

मी उभी राहिले. स्टोव्हवर रुंद पातेल्यात पाणी उकळत होतं, त्यावर दुसरं पातेलं. वहिनीने स्टीलच्या कडीच्या डब्यातून काहीतरी त्यात ओतलं. पारदर्शक, किंचित पिवळसर, तार धरणारं. साबुदाण्याची गाळलेली पेज अशीच दिसते. त्यात साखर, दोन चमचे पाणी, लिंबाचे चार थेंब. मग बीटर. सात-आठ मिनिटं ती न थांबता फिरवत राहिली. पातळ पाण्याचा आधी फेस झाला, फेसाचं दूध झालं, मग त्यावर रेघा उमटून तशाच राहायला लागल्या. उतरवून तिने इसेन्स घातला, आणखी फेटलं आणि पातेलं उचलून थेट माझ्या डोक्यावर उपडं धरलं.

"हलू नका ताई. उद्याचा पेपर निघायचाय."

एक थेंब पडला नाही. आम्ही दोघी हसलो. मग मी बाहेर जाऊन आबांना सांगितलं की चालेल.

"तू पाह्यलं ना सोताच्या डोयानं?"

"पाहिलं."

"मंग काही हरकत नाही."

आबांना दात नव्हते. त्या क्रीमला दात लागत नाहीत. पुढची दोन वर्षं वाढदिवसाला, दिवाळीला आणि कधी नुसतंच, वहिनी ते करायची आणि आबा वाटीत घेऊन चमच्याने खायचे. एकदा करायचा दिवस नेमका एकादशीचा आला. आबा म्हणाले, "केक नको, मैदा हाये त्याच्यात. वरचा कापूस दे फक्त. साबुदाना तं चालते." मग इसेन्स उपासाला चालतो का, यावर घरात दहा मिनिटं चर्चा झाली. भाऊचं म्हणणं, औषधासारखं असतं, चालेल. माझं म्हणणं, बाटलीवर घटक लिहिलेले नाहीत, तेव्हा टाळावं. वहिनीही चर्चेत होती. शेवटी तिने इसेन्स न घालता थोडी वेलची घातली. आबांनी दोन वाट्या खाल्ल्या.

आमच्या दैनिकाची महिलांची पुरवणी गुरुवारी निघे. एका आठवड्यात पाककृतीचा मजकूर आला नाही आणि जागा भरायला मी वहिनीचं क्रीम दिलं. प्रमाण तिलाच विचारलं. ती कपडे वाळत घालत होती.

"कशाला छापता? कोण करणार आहे एवढी उठाठेव?"

"प्रमाण सांगा तुम्ही."

"अर्धी वाटी साबुदाणा, दीड वाटी पाणी," ती चादर झटकत म्हणाली. "साखर वाटीभर." मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ही गोष्ट मला नंतर आठवली, तेव्हा जाणवली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन पंधरा दिवसांसाठी वरणगावला गेली.

कृती छापून आली. त्या पाठोपाठ पोस्टकार्डं आली. पहिलं यावलहून. लिहिणाऱ्या बाईंनी दोनदा केलं, दोन्ही वेळा पेज झाली, साबुदाणा कोणत्या जातीचा घ्यावा ते कळवावे. पारोळ्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं: 'मी व नणंदेने आळीपाळीने घोटले. हात भरून आले, फुगले नाही. शेवटी दोन सुती साड्यांना खळ म्हणून लावले. साड्या उत्तम कडक झाल्या. आभारी आहोत.' संपादकीय विभागात ते कार्ड हातोहात फिरलं. धुळ्याच्या वार्ताहरांचा बातमी देण्यासाठी फोन आला तेव्हा बातमी संपल्यावर ते अहिराणीत म्हणाले, "बाई, मनी बायको तासभर घोटी राहयनी. बठ्ठं पाणीच शे!"

मी सुटीच्या दिवशी घरी करून पाहिलं. छापलं होतं त्याच प्रमाणात, त्याच पातेल्यात, त्याच बीटरने. वीस मिनिटं फिरवलं. वर थोडा फेस आला आणि बसला. आपलं काही चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. दुसऱ्यांदा आबा दारात येऊन उभे राहिले.

"तिच्या हाताची गोष्ट येगयी हाये," ते म्हणाले. "तुले नाही जमाचं."

वहिनी परत आली त्या दिवशी दुपारी ती मेथी निवडायला बसली होती. मी पोस्टकार्डं तिच्यासमोर परातीच्या बाजूला ठेवली. तिने सगळी वाचली. पारोळ्याच्या कार्डावर तिला हसू आलं, ते तिने आवरलं.

"डब्यात काय असायचं?" मी विचारलं.

तिने एक जुडी पूर्ण निवडली. मग म्हणाली, "अंड्यातलं पांढरं."

मागच्या गल्लीतल्या एका शेजारणीकडे ती अंडी फोडायची. पिवळं शेजारीण आपल्या मुलांच्या आम्लेटला ठेवायची, पांढरं डब्यात भरून वहिनी घरी आणायची. डबा वेगळा होता आणि ती तो मागच्या दारी राखेने घासायची. दोन वर्षं हे चाललं होतं.

"तुम्ही मला उभं करून दाखवलंत."

"तुम्ही विचारलंत म्हणून दाखवलं."

"एकादशीला आबांना वाटीत दिलंत. वेलची घालून."

"ते मागत होते ताई! मी काय सांगणार होते त्या वेळी?"

"नाही म्हणता आलं असतं."

"तुम्हाला येतं नाही म्हणता," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "मी या घरात आले तेव्हा माझी भाकरी जाड, माझी भाजी आळणी, माझं बोलणं कॉलनीचं. भरीत करायचं तरी शेजारणीला बोलवायचे हे. एक वस्तू होती की घरातली सगळी माणसं वाटी पुढं करायची. आबा पुढं करायचे. ती मी सोडायला हवी होती का?"

मी म्हटलं, हो.

"मग सोडते," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

कार्यालयात पुरवणीच्या संपादकांनी कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला होता. ते एवढंच म्हणाले, की चूक छापली असेल तर दुरुस्तीही छापायची, पुढच्या गुरुवारी, त्याच पानावर. कशाच्या जागी काय वाचावं, ते स्पष्ट हवं. ते मला विचारत नव्हते. असं मीही इतरांच्या मजकुराबाबत अनेकदा केलं होतं.

वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती घाबरली. 'काही मजकूर अनवधानाने गळाला' एवढंच लिहा, असं तिने सुचवलं. अशा ओळी आमच्याकडे छापल्या जात. पण पारोळ्याच्या बाईंनी पुन्हा साबुदाणाच शिजवला असता, आणि काय गळालं असं विचारायला पुन्हा कार्ड आलं असतं. मी खरी दुरुस्ती लिहिली: 'साबुदाण्याच्या पाण्याऐवजी अंड्यातील पांढरा भाग असे वाचावे.' आबा ती ओळ गुरुवारी सकाळी वाचणार होते. म्हणून बुधवारी दुपारी जेवणानंतर मी त्यांच्यासमोर बसून त्यांना सांगितलं. वहिनी स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबलेला होता.

आबांनी मधे एकदाच तोंड उघडलं.

"एकादसलेबी?"

"हो."

त्यांनी दोन्ही हात मानेमागे नेऊन माळ वर ओढली. ती कानात अडकली. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. माळ काढून त्यांनी उपरण्यात गुंडाळली. गळ्यावर जिथे माळ असायची तिथे कातडी फिकी होती. पंचवीस वर्षांत ती जागा मी पाहिली नव्हती.

"तिले बोलाव," ते म्हणाले.

वहिनी आली आणि त्यांच्या पायावर पडली. रडत होती. आबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "सकायच्या गाडीनं यावलले जाऊ. म्हाराजासमोर तुलेच सांगा लागीन. खालेलं मी, खाऊ घातलेलं तू. ते म्हनतीन ते दोघंबी करू. येशील?"

वहिनीने मान हलवली.

"मीपण येते," मी म्हटलं. "सुटी टाकते."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कायले? तू तं पाह्यलं व्हतं ना."

हे वाक्य त्यांनी कसं उच्चारलं, ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. आवाजात राग नव्हता. तुझी काही चूक नाही, असा त्याचा अर्थ घेता येतो. दुसराही घेता येतो. मी त्यांना विचारलं नाही.

गुरुवारी पहाटे ते दोघं गेले. भाऊ मुलीला घेऊन घरी थांबला. पुरवणी आली, दुरुस्ती तिसऱ्या पानावर तळाला होती, तिच्यात चूक नव्हती. मी कामाला गेले.

शुक्रवारी संध्याकाळी ते दोघं परतले तेव्हा आबांच्या गळ्यात माळ होती. महाराजांनी एक दिवसाचा उपास आणि मंदिरात पाणी भरण्याची सेवा सांगितली होती. आबा सत्तरीचे, म्हणून त्यांच्या वाटच्या घागरी वहिनीने आणल्या होत्या. चुलत्यांनी केळ्यांची एक फणी बरोबर दिली होती. जेवताना सगळी हकिकत निघाली. जाताना बसमध्ये वहिनीला मळमळलं, तर आबांनी खिडकीची जागा दिली आणि लिंबू हुंगायला दिलं.

"आणि महाराजांनी विचारलं, क्रीम म्हणजे काय असतं?" वहिनी सांगत होती. "मला तर तोंडातून शब्द फुटेना. आबाच हात हलवून हलवून सांगायला लागले, असं फिरवते, मंग असं फुगते, मंग पातेलं उलटं केलं तरी पडत नाही..."

"म्हाराज म्हने, तुम्हाले तं पुरं पाठ हाये!" आबा म्हणाले.

भाऊ मोठ्याने हसला. वहिनीला हसताना ठसका लागला, आबांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. मीही हसले असेन. मला आठवत नाही.

वहिनीने आबांची माफी मागितली होती, आणि ती मिळालीही होती. माझ्याकडे मागायची काही बाकी आहे, असं घरात कोणाला वाटलं नाही. मीही तसं कधी सांगितलं नाही. तिचं माझ्याशी बोलणं पूर्वीसारखंच राहिलं. सकाळी डबा भरून द्यायची, मी उशिरा आले तर ताट झाकून ठेवायची. मी ताटातलं खायची. फक्त खाण्याआधी प्रत्येक भाजी बोटाने थोडी उकलून पाहायची सवय मला लागली. तिने ते पाहिलं होतं.

दिवाळीनंतर मी धुळ्याच्या कार्यालयात बदली मागितली. अर्जात कारण लिहिण्यासाठी एक रकाना होता. त्यात मी 'कामाची सोय' लिहिलं. घरी सांगितलं तेव्हा आबा पेपर वाचत होते.

"धुय्याले कायले?" त्यांनी विचारलं.

"काम जास्त आहे तिकडं," मी म्हटलं.

त्यांनी ते खरं मानलं.