शून्य चिठ्ठ्या

ताईला स्वस्थ बसणं माहीतच नाही, पण त्या आठवड्यात तिने कहर केला. अकरा वर्षं ती बियाण्यांच्या संग्रहालयात चिठ्ठ्या टाइप करत होती: वाण कोणतं, कुठून आणलं, कोणत्या साली. सगळं एका भल्यामोठ्या एक्सएमएल फाइलमध्ये. नव्या साहेबांनी त्या फाइलवर क्वेरी चालवली, म्हणजे संगणकाच्या भाषेत विचारलं, एकूण चिठ्ठ्या किती? उत्तर आलं, शून्य.

"फाइल निकामी आहे," साहेब म्हणाले. "शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर पुसून टाकू."

फाइल उघडली की चिठ्ठ्या ढळढळीत दिसत होत्या! पण साहेबांचा डोळ्यांपेक्षा क्वेरीवर विश्वास. माझं डोकंच फिरलं.

ताई मात्र ती क्वेरीची भाषा शिकायला बसली. पुस्तक चार पानांत मिटलं. "वाचून डोक्यात शिरत नाही, करूनच बघते," म्हणाली आणि आमच्याच घराची इवलीशी फाइल केली. घर, घरात माणसं: आई, भाऊजी, ती, मी. माणसं किती? चार. तीच क्वेरी, टॅगचं, म्हणजे नोंदीवरच्या लेबलाचं, नाव बदलून मोठ्या फाइलवर: शून्य. उठली, येरझाऱ्या घातल्या, दूध तापत ठेवलं, पुन्हा बसली.

"अगं, दूध उतू जातंय," भाऊजी म्हणाले.

"जाऊ दे."

"गेलंच. आता ओटा पुसतो मी."

गुरुवारी सकाळी तिने मोठ्या फाइलमधली एकेक गोष्ट उचलून आमच्या घराच्या फाइलमध्ये घालायला घेतली. दर वेळी चारच. शेवटी अगदी पहिल्या टॅगमधला लांबलचक पत्ता चिकटवला. अकरा वर्षं तो शोभेचा समजून तिने कधी वाचलाही नव्हता. माणसं किती? शून्य.

"आपण सगळे गेलो गं!" ती आनंदाने किंचाळली. आई घाबरून धावत आली.

तो पत्ता म्हणजे टॅगांचं आडनाव होतं. नुसत्या नावाने हाक मारली की कुणी ओ देत नव्हतं.

शुक्रवारी मी तिच्यासोबत गेले. साहेबांसमोर तिने क्वेरीच्या वर तो पत्ता लिहिला आणि बटण दाबलं. एक्केचाळीस हजार दोनशे आठ.

"अच्छा. मग राहू द्या," म्हणत साहेबांनी फोन उचलला.

बाहेरच्या बाकावर बसूनही तिचा पाय हलतच होता. साहेबांना दोन शब्द सुनावावेत म्हणून मी उठले, तर तिने हात धरून मला खाली बसवलं.

"शून्य आलं ना," ती म्हणाली, "तेव्हा वाटलं, मी इथे कधी आलेच नव्हते."