भाऊकाकांसारखा सिंदुरासुर

आमच्या घरचा गणपती एकत्र राहणार की वेगळा होणार, हे एका राक्षसाच्या मिशीवर येऊन ठेपलं होतं. आणि ती मिशी मी काढली होती.

जामसंड्याला आमच्याकडे गणपतीमागच्या भिंतीवर दरवर्षी नवं चित्र काढतात. सासरे गेल्यावर ब्रश माझ्याकडे आला. मी आरोंद्याची. लहानपणी दशावताराला जायचे ती देव बघायला नव्हे, तर पडद्यामागे आरशासमोर बसून स्वतःचं तोंड रंगवणारा राक्षस बघायला! शेजारचा गरीब माणूस बघता बघता असुर व्हायचा आणि मी आ वासून उभी! रंगांचं वेड लागलं ते तिथेच.

म्हणून भिंतीवर काढलं, गणपती सिंदुरासुराला लोळवतोय. गणपती पटकन उरकला (देवा, माफ कर!) आणि असुरात रमले. भुवया, नाकपुड्या, गालावरचा मस... ब्रश आपोआप चालत होता. इतकी सुखात मी माहेरीसुद्धा नसते.

आता भाऊकाका. माझे मुंबईचे चुलत सासरे. गेल्या वर्षी मोदक कमी पडले तेव्हा गरजले होते, "परत माझो अपमान झालो तर गणपती वेगळो करतलंय!" आमच्याकडे चूल वेगळी झालेली चालते, गणपती नाही. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याचा असा धसका घेतला होता की यंदा नारळ खोवतानाही त्या काकांचंच नाव घेत होत्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला, "नांदगावाक उतरलंय. रिक्षेत बसतंय." आईंनी फोन ठेवला, भिंतीकडे पाहिलं आणि किंचाळल्या, "अगो, ह्यो तर आमचो भाऊ!"

मी मागे सरकून पाहिलं. मिशी काकांची. मस काकांचा. मोदक संपल्यावरचा रागसुद्धा काकांचा! आणि छातीवर गणपतीचा पाय!

"मिशी पूस आधी!"

पुसली.

"आता लग्नातलो भाऊ झालो!"

"मग दाढी काढू?"

"काढ गो बाय, कायव काढ!"

मी भराभरा पांढरी दाढी चढवली. आईंनी पाहिलं आणि चटकन डोक्यावर पदर घेतला.

"काय झालं?"

"मामंजी!"

म्हणजे काकांचे वडील! मुलाला वाचवायला जाऊन मी बापाला तुडवला होता! ओलं फडकं घेऊन तुटून पडले. रिक्षाचा हॉर्न वाजला तेव्हा असुराची अर्धी दाढी निघाली होती. अर्धा चेहरा बापाचा, अर्धा मुलाचा!

काका बॅग हातात घेऊनच आत आले. थबकले. "ह्यो कोण?"

"सिं... सिंदुरासुर."

काका भिंतीजवळ गेले. मस पाहिला. मग हळूच स्वतःचा गाल चाचपला. आईंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. संपलं! गणपती वेगळा, घर वेगळं, आणि सगळं माझ्या ब्रशामुळे!

"बाबा रागावले की माझ्याकडे असेच बगीत," काका म्हणाले. "माका वाटला, तेंची आठवण माका एकट्याकच येता." मग डोळे पुसून खणखणीत म्हणाले, "गणपती वेगळो करूचो नाय!"

मला रडू फुटलं. इतकी दाद मला आजवर कुणीच दिली नव्हती.

"पण सूनबाय, पुढच्या वर्षाक भिंतीक नुसतो चुनो लावा."

"मी पण ताच म्हणतंय!" आई म्हणाल्या.

त्या दोघांचं एकमत झालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. कलेत केवढी ताकद असते बघा!